हसलेलं चालत नाही

सरकारी बाजूचा तरुण वकील उभा राहिला, गळ्याशी वर सरकलेली पांढरी पट्टी त्यानं खाली ओढली आणि माझं वाक्य बोलला. माझ्यासारखं नव्हे, माझंच. "आरोपीला हसलेलं चालत नाही, न्यायमूर्ती. लहानपणापासून. कुणी हसलं की आधी त्याचे कान लाल होतात आणि मग हातात असेल ते तो फेकतो." मधल्या खुर्चीवरच्या न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "हे नोंदीत कुठे आहे?" तो कागद उलटेपालटे करायला लागला. कुठल्यातरी जबाबात असेल म्हणाला, शोधून देतो म्हणाला. शोध बाबा, शोध. जन्मभर शोधलंस तरी सापडायचं नाही. खालच्या कोर्टात माझ्या धाकट्या भावावर खुनाचा खटला चालला तेव्हा मी एक तारीख चुकवली नव्हती. कोण काय बोललं, कोण कधी शिंकलं हेसुद्धा मला पाठ आहे, आणि हे वाक्य तिथे कुणीही उच्चारलेलं नाही. ते मी उच्चारलं होतं, एकदाच, दार लावलेल्या एका खोलीत, आमच्या जुन्या वकीलसाहेबांपुढे. तेव्हा ते आमचे होते. आता ते सरकारी वकिलांच्या अख्ख्या कचेरीचे प्रमुख आहेत, आणि पट्टी ओढणारा हा पोरगा त्यांच्या हाताखाली काम करतो. आपला हरवलेला स्वेटर भर रस्त्यात दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसावा तसं मला झालं. मी बाकाची कड धरून बसून राहिले. शेजारची बाई म्हणाली, बरं वाटत नाही का हो तुम्हाला? मी म्हटलं, नाही, ऐकतेय.

वकीलसाहेब वाईट माणूस असते तर फार सोपं झालं असतं. ते वाईट नव्हते, हीच पंचाईत. ऐकायला बसले की टेबलाखाली हळूच बूट काढायचे, आणि मोज्यातून डोकावणारा त्यांचा अंगठा बघून मला उगाचच धीर यायचा. "कोर्टातलं माझ्यावर सोडा, ताई," ते म्हणायचे, "तुम्ही मला घरातलं सांगा." कोर्टातलं म्हणाल तर एवढंच होतं: धाकटा कागदाच्या गोदामात कामाला होता, त्याच्याबरोबर काम करणारा सोबती माळ्यावरून खाली पडून मेला, आणि तेव्हा आत या दोघांशिवाय कुणी नव्हतं. बाहेरच्या पहारेकऱ्याला आधी जोरजोरात हसण्याचा आवाज आला, मग किंकाळी, मग धप्पकन काहीतरी पडल्याचा. तो धावत आत गेला तर धाकटा प्रेताशेजारी बसलेला. काय झालं, काय झालं विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. धाकटा बोलताना अडखळतो, आणि घाबरला की त्याची जीभ टाळूला चिकटते ती चिकटतेच. मोठ्या कष्टानं 'तो पडला' एवढं बोलला. पोलिसांना ते पुरेसं वाटलं नाही. आणि घरातलं म्हणाल तर तेही एवढंच होतं, ते मी सांगितलं. कितीतरी रात्री धड झोप नव्हती, आणि नीट ऐकणारा माणूस भेटला की जीभ सैल सुटते. हसलेलं चालत नाही त्याला, वकीलसाहेब. साहेबांनी पेन खाली ठेवलं, बूट घातले, आणि म्हणाले, "मग याला साक्षीला उभाच करायचा नाही. हा अडखळणार, मागच्या बाकावरचं कुणीतरी फिस्सकन हसणार, याचे कान लाल होणार, आणि सगळं मुसळ केरात." म्हणून धाकटा पूर्ण खटलाभर गप्प बसला. निकालात लिहून आलं की आरोपीनं कसलाही खुलासा केला नाही. जन्मठेप झाली. त्या दिवशी साहेबांचे डोळे भरून आले होते, ते मी स्वतः बघितलंय. पुढे त्यांना सरकारनं बोलावून एवढं मोठं पद दिलं तेव्हा मी अभिनंदनाचा फोनही केला, आहे की नाही कमाल? ते म्हणाले, ताई, तुमच्या अपिलाला मी बोटसुद्धा लावणार नाही, मी आणि ते प्रकरण यांच्यामध्ये भिंत राहील. भिंतीला कान असतात हे मला ठाऊक होतं. तोंडही असतं हे त्या दिवशी कोर्टात कळलं.

आमच्या घरात हसायचं नाही हा नियम आईनं घातला. धाकटा तेव्हा शाळेतही जायला लागला नव्हता. रात्रीची जेवणं चालली होती आणि बाबा त्यांच्या साहेबांची नक्कल करत होते. बाबांना नकला फार छान यायच्या, आम्ही पोट धरधरून हसत होतो. आणि एकदम धाकट्याची थाळी सुटली ती थेट भिंतीवर. भात भिंतीला चिकटलेला, थाळी जमिनीवर गरगर फिरतेय, आणि हा उभा, कान लालेलाल. सगळे चिडीचूप. त्याआधी तो काहीतरी बोलायला बघत होता आणि अडखळत होता हे आईनं टिपलं होतं. तिचा अर्थ सरळ होता: आपण हसत होतो, पोराला वाटलं आपल्यालाच हसतायत. त्याला झोपवून आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, याच्यासमोर पुन्हा कुणी हसायचं नाही. बाबांनी मान डोलावली. झालं, नियम बसला. पुढे पुढे आईला हसू आलं की ती वाळलेले कपडे काढायला गच्चीत जायची, पावसाळ्यातसुद्धा. बाबांना खोकल्याची उबळ यायची. नकला तर कायमच्या बंद झाल्या. पाहुणा आला की त्याला दारातच कानात सांगायचं. मी हसू गिळायला शिकले, आणि गिळता गिळता ते यायचंच बंद झालं. धाकटा मोठेपणी लोकांना अभिमानानं सांगायचा की आमच्या घरात फा-फालतूपणा कुणाला आवडत नाही. आई गेली, बाबा गेले, नियम मात्र राहिला. आणि नशीब बघा, मी पोटासाठी दातांच्या एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, कवळी तयार झाली की गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून बघायची आणि म्हणायचं, हसा बघू. ते हसतात. मी हिरडीची रेघ बघते, दातांची लांबी बघते. हसण्याकडे माझं लक्ष नसतं.

कोर्टातून निघाल्यावर आमच्या नव्या वकीलबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती जिन्यातच थांबली. पोरीचं वय काय, तिच्या वयाच्या माझ्या कवळ्या लोक अजून वापरतायत, पण डोकं सुरीसारखं. "पक्कं तुमचं वाक्य? कानांसकट?" "कानांसकट." तिनं मला जिन्याच्या कठड्यावरच बसवलं. "म्हणजे तुमच्या वकिलाला विश्वासानं सांगितलेलं आता तुमच्याच विरुद्ध वापरतायत. भिंतबिंत काही नाही. ती सगळी कचेरीच या अपिलातून बाहेर काढा असा अर्ज करू आपण. अपील दुसऱ्या शहरातली कचेरी चालवेल, आणि आजचं सगळं बोलणं रद्दबातल." मी म्हटलं, "मग करा की. विचारता काय?" ती म्हणाली, "करते. पण तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल, की हे वाक्य तुम्हीच त्यांना सांगितलं होतं." मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. "अहो, म्हणजे आतापर्यंत एक पोरगा नुसतं म्हणत होता, आता सख्ख्या बहिणीनं शपथेवर सांगायचं, की माझा भाऊ हसणाऱ्याच्या अंगावर जातो? त्यांना खुनाचं कारण सापडत नव्हतं, ते मीच ताटात वाढून देऊ?" "बंद खोलीत सांगायचंय, ताई. बाहेर फुटणार नाही." "तेव्हाही खोली बंदच होती."  इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये जिन्यात. मग ती थोड्या हलक्या आवाजात म्हणाली, "आणखी एक आहे. वकिलाजवळचं गुपित अशिलाच्या मालकीचं असतं. ते उघडायचं की नाही हे तुम्ही नाही ठरवायचं, तुमच्या भावानं ठरवायचं. त्याला जाऊन विचारा." "काय विचारू?" "हेच. वाक्य सांगा आणि परवानगी घ्या." बोलणं सोपं असतं. जे वाक्य त्याच्या कानावर पडू नये म्हणून आमची अख्खी हयात गेली, ते मी त्याच्या तोंडावर बोलायचं होतं.

भेटीचा दिवस उजाडेपर्यंत मी कामात एवढे घोळ घातले की विचारू नका. पॉलिशवर बसणारी माझ्या शेजारची बाई जिभेची भारी तिखट. तिनं माझ्या हातातली कवळी उचलून उजेडात धरली. "काय गं, हे समोरचे दात उलटेपालटे का? हा बाबा जेवणार का शिट्ट्या वाजवणार?" सगळी प्रयोगशाळा हसली. मीही ओठ ताणले. दात उपटून पुन्हा मेण गरम केलं. मेणाचा वास नाकात गेला की मला नेहमी आई गच्चीत पाठमोरी उभी असलेली आठवते, का ते माहीत नाही. तिचे खांदे हलायचे. लहानपणी मला वाटायचं, ती रडतेय. एकदा मी तिचा हात धरून विचारलंही, आई, काय झालं? तर ती तोंडात टॉवेल कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी. मला म्हणाली, जा, आत जा, तो येईल. एवढा मोठा कारभार आम्ही एका पोरासाठी चालवला, आणि त्याला कधी कळू दिला नाही. तुरुंगाच्या वाटेवर मी ते वाक्य मनात घोळवत होते. याहून मऊ शब्दांत सांगता येईल का बघत होते. येत नव्हतं.

भेटीच्या खोलीत जाळी आहे. पलीकडे तो, अलीकडे आपण, कोपऱ्यात शिपाई. धाकटा अजून वाळलाय. तिथे त्याला वह्या शिवायचं काम दिलंय, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. "त-ताई, जेवलीस?" त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. मी जेवले म्हटलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कोर्टात काय झालं, अर्ज काय करायचाय, आणि ते वाक्य. वाक्य बोलताना मी त्याच्या कानांकडेच बघत होते. लाजच वाटली स्वतःची, पण नजर हटेना. कान तसेच राहिले.  "मला ह-हसलेलं चालत नाही?" त्यानं विचारलं. "कोण म्हणतं?" आपण सगळेच, मी म्हटलं. आई म्हणायची. ती थाळी नाही का तू फेकलीस, बाबा नक्कल करत होते तेव्हा. तो कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. आठवलं तसा त्याचा चेहरा बदलला. "फेकली नाही गं. मला पण न-नक्कल करायची होती. बाबांसारखी. शब्द येईना म्हणून मी हात उडवले, तर थाळी स-सुटली." मग थांबून म्हणाला, "तुम्ही सगळे एकदम गप्प झालात. मला वाटलं, माझी नक्कल वा-वाईट झाली." मी जाळीवरचा गंज नखानं खरवडत होते.  "मग पुन्हा कुणी हसलंच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, आपलं घरच असं आहे."

खोलीत दुसऱ्या कुणाची तरी म्हातारी आई मोठ्यानं काहीतरी सांगत होती, ती थांबली. मग तो जाळीजवळ सरकला. "तो हसायचा," म्हणाला. तो म्हणजे गोदामातला सोबती, जो मेला तो. "मलाही हसवायचा. डबा खाताना. तुला सांगितलं नव्हतं, तु-तुला आवडणार नाही म्हणून." मग त्यानं खाली बघून विचारलं, "पहारेकऱ्यानं सांगितलं ना, की कुणीतरी जोरात हसत होतं?" हो म्हटलं. "सगळ्यांना वाटलं तो हसत होता. मला." हो. "तो मी होतो, ताई." मला ऐकूनही कळेना. माझा भाऊ हसतो कसा हे मला माहीतच नव्हतं. या वयाला, सख्ख्या भावाचं हसणं ऐकलेलं नव्हतं. कोर्टात पहारेकरी साक्ष देत असताना ते हसणं माझ्या भावाचं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या कुणाच्याच आलं नसतं. "माळ्यावर उभा राहून मा-मालकाची नक्कल करत होता. पोट पुढे काढून. मागे पाऊल टाकलं त्यानं. ओरडला, पडला, तरी मी हसतच होतो गं. मला वाटलं, न-नकलेतलंच आहे." तो रडायला लागला, अगदी लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं ठेवून. "अरे, मग हे वकीलसाहेबांना का नाही सांगितलंस?" "त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, तू अजिबात बो-बोलू नकोस, मी बघतो. आणि काय सांगू? माणूस मरत होता आणि मी हसत होतो, हे कुणाला सांगू?" शिपायानं वेळ झाली म्हणून किल्ल्या वाजवल्या. उठता उठता धाकटा म्हणाला, "वाक्य सांग त्यांना. पण खोटं आहे हेही सांग." बाहेर रस्त्यावर आल्यावर मला आईचा राग आला. ती मेली, तिच्यावर रागावून उपयोग नाही, आणि तिनं केलं ते मायेनंच केलं, हे सगळं मला कळतं. तरी राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो घरी पोचेपर्यंत टिकला.

बंद खोलीत एक लांब टेबल होतं आणि खिडकीवर पडदा. न्यायाधीशबाई होत्या, लिहून घेणारा होता, आमची वकीलबाई होती, आणि समोर वकीलसाहेब. त्यांचे केस पुष्कळ पिकलेत. मी सवयीनं टेबलाखाली बघितलं, बूट पायात होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की आपण कुणालाही या प्रकरणात सूचना दिलेली नाही; मात्र डबा खाताना जुन्या खटल्यांच्या गोष्टी निघतात, नावागावाशिवाय, त्यात कधीतरी बोलून गेलो असेन, आणि पोरं हुशार असतात. असेल. मला पटलं. जगातली निम्मी वाट डबा खातानाच लागत असेल. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "हे वाक्य तुमचं?" "माझं." "यांना सांगितलं होतंत, ते तुमचे वकील असताना?" "हो. शब्दन् शब्द." वकीलबाईनं सुस्कारा सोडला, काम झालं होतं. मी म्हटलं, "पण ते खरं नाही, बाई. आमची समजूत होती. चुकीची होती." वकीलबाईनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. न्यायाधीशबाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या. "ते खरं की खोटं हा प्रश्न आज आमच्यासमोर नाही," त्या म्हणाल्या, पण रागावून नाही म्हणाल्या. अर्ज मंजूर झाला. कचेरी बाहेर गेली. आता दुसरे लोक येणार, सगळे कागद वाचणार, अपील पुन्हा पहिल्यापासून. आणि धाकट्याचं म्हणणं एकदा तरी ऐकून घ्या अशी मागणी वकीलबाई करणार. कोर्ट मानेल का? ती म्हणाली, सांगता येत नाही, ताई, त्याचं हसणं होतं याला पुरावा काय? त्याचाच शब्द. मला हुरूप यायला हवा होता. मला फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं. व्हरांड्यात साहेब मागून आले. "ताई," म्हणाले, "मी त्याच्या भल्यासाठीच त्याला गप्प बसवलं हो." मी म्हटलं, "आम्हीसुद्धा." ते उभेच राहिले, मी जिना उतरले.

पुढच्या भेटीत मी त्याला अर्जाचा निकाल सांगितला. तो बरं म्हणाला.  आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना नुसते बसलो, आमच्या घरात बसायचो तसे. मी म्हटलं, "तो मालकाची नक्कल कशी करायचा रे?" तो दचकला. नको म्हणाला. मी म्हटलं, कर. मेलेल्या माणसाची एवढी एक गोष्ट आहे तुझ्याजवळ, दाखव मला. तो उठला. आधी अवघडला. मग त्या वाळक्या अंगाचं पोट त्यानं पुढे काढलं, मान मागे टाकली, एक भुवई वर चढवली आणि दोन पावलं चालला. हुबेहूब बाबा. बाबा नकला करताना असेच चालायचे, आणि बाबांची नक्कल त्यानं शेवटची बघितली होती ती त्या रात्री. माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मी ते सवयीनं गिळायला गेले आणि या वेळी ते गिळलं गेलं नाही. मला हसताना बघून तो आधी बघतच राहिला. मग त्याला सुरू झालं. त्याचं हसणंही अडखळतं हो, आधी घशात अडकतं, दोनदा धक्के खातं, आणि मग जे सुटतं ते आरडाओरडा केल्यासारखं, अंगावर आल्यासारखं. कान लालेलाल. कोपऱ्यातला शिपाई काठी उचलून धावतच आला. "ए! ए! भांडण नाही पाहिजे इथे! काय चाललंय?" शेजारी कुणाला तरी भेटायला आलेल्या म्हातारीनंही घाबरून पिशवी छातीशी धरली. मला बोलता येईना. डोळे पुसत पुसत मी म्हटलं, "भांडण नाही हो. हसतोय तो." शिपाई आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. "हे हसणं? शपथ घेऊन सांगतो बाई, मला वाटलं आता कुणाचा तरी जीव जातोय." धाकट्याचं हसू एकदम थांबलं. पुरावा काय, असं वकीलबाईनं विचारलं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि शिपायाला त्याचं नाव विचारलं.